वाडी नव्हे, वादी. आणि पाऊस आला की तिकडे जायचं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मध्यंतरी ओमानच्या डोंगरांवर एक लेख आला होता. माझ्या आईने वाईहून त्याचे चार फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, त्यातला एक उलटा, पण वाचला सगळा. आधी तर एवढा आनंद झाला म्हणून सांगू, कारण इतकी वर्षं आखाताबद्दल आपल्याकडे काही छापून आलं की एकतर सोनं नाहीतर मॉल नाहीतर ती उंच बिल्डिंग, इथे डोंगर आहेत हेच कुणाला माहीत नसतं. मी मस्कतला १२ वर्षं राहते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि थंडीतले जवळजवळ सगळे सुट्टीचे दिवस डोंगरात काढते. गावी गेले की लोक विचारतात तिकडे वाळवंटात कंटाळा येत नाही का, आता त्यांना लेखाचा फोटो दाखवता येईल.

पण त्या लेखात एक वाक्य आहे त्याच्यासाठी हे पत्र. पाऊस पडून गेला की लगेच 'वाडी'त उतरा, सह्याद्रीसारखे धबधबे बघायला मिळतात, अशा अर्थाचं. संपादक महोदय, हे वाचून कुणी खरंच गेलं ना तर जीव जाईल. मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

आधी तो शब्द. अरबीत वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, घळ, दरी, जे काय म्हणाल ते, वर्षातले बहुतेक दिवस त्यात गोटे आणि वाळू असते आणि कुठेकुठे कातळात साठलेलं हिरवं-निळं पाणी. लेखात सगळीकडे वाडी छापलंय. आपल्याकडे वाडी म्हणजे नारळ-सुपारीची नाहीतर दहा घरांची, आईला वाटलं मी सुट्टीत कुणाच्या तरी बागेत जाते आणि उगाच डोंगर डोंगर करते. तो विनोद सोडा.

खरा घोळ असा आहे की आपण मराठी लोक पावसातले ट्रेकर. जून लागला की बुटं काढायची, लोणावळा, माळशेज, हरिश्चंद्रगड, भिजत जायचं, वाटेत भजी, हे अंगात भिनलेलं असतं. पाऊस म्हणजे डोंगराचा सीझन, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि तेच डोकं घेऊन आपण हजर पर्वतात येतो. हजर म्हणजे मुसंदमपासून पार रास अल हद्दपर्यंत साधारण ७०० किलोमीटर पसरलेली डोंगररांग, ओमान आणि थोडी यूएईमध्ये, आणि तिचा नियम बरोब्बर उलटा. इथे पाऊस म्हणजे डोंगरातून बाहेर पडायचं.

का ते सांगते, कारण हे मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. सह्याद्रीत माती आहे, गवत आहे, झाडी आहे, आणि पाऊस येतो तो सांगून सवरून, चार महिने. हजरमध्ये चुनखडीचा उघडा कातळ नाहीतर काळपट तपकिरी खडक, जो एकेकाळी समुद्राच्या तळाखाली होता आणि वर ढकलला गेलाय, जगभरातून भूगर्भवाले तो बघायला इथे येतात. त्याच्यावर माती नावालाच. मस्कतला वर्षभरात मिळून साधारण १०० मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला जुलैत तेवढा एखाद्या दिवसात पडून जातो. पण इथे तो पडतो तेव्हा वरच्या उघड्या कातळावरून एक थेंब जिरत नाही, सगळा घरंगळत वादीत येतो, आणि वादी म्हणजे अरुंद घळ, दोन्हीकडे भिंती, पळायला जागा नाही. आणि सगळ्यात फसवं म्हणजे पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. तो २० किलोमीटर वर पडतो आणि तुमच्याकडे मस्त ऊन असतं.

आमचंच बघा. इथली पहिली थंडी, फेब्रुवारी, वादी बनी औफमध्ये पाच गाड्या घेऊन गेलो होतो, सगळे मराठी, बरोबर पोह्याचं सामान, गॅस, चटया, लहान मुलं. वादीच्या तळातच सावली बघून चटई अंथरली, कारण अजून कुठे अंथरणार, बाकी सगळीकडे धोंडे. आकाश निळं, फक्त लांब वरच्या कड्यावर काळसर काहीतरी होतं. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारे आजोबा वरून उतरत आले आणि आमच्याकडे बघून हातवारे करायला लागले. मतर, मतर, एवढंच कळलं, मतर म्हणजे पाऊस. आमच्यातला एकजण म्हणाला, अहो चाचा इकडे कुठे पाऊस, आणि हसला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी सरळ आमची चटई उचलली, पोह्याच्या डब्यासकट, आणि वरच्या बाजूला चालायला लागले. आता चटईच्या मागे आम्ही. मी मनात म्हटलं काय विचित्र माणूस आहे.

पाऊण तास झाला असेल नसेल. आधी आवाज आला, मालगाडी पुलावरून जाते ना तसा, आणि मग वळणावरून पाणी आलं. पाणी पण काय, चहाच्या रंगाचा चिखल, पुढे फेस, त्यात खजुराच्या झावळ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक अख्खं झाड. आम्ही बसलो होतो त्या जागेवर दोन पुरुष पाणी झालं असेल. दोन गाड्या खाली लावलेल्या त्या नशिबाने कडेला उंचावर होत्या म्हणून वाचल्या. मुलं टाळ्या वाजवत होती, त्यांना काय कळतंय, आम्हा मोठ्यांचे चेहरे मात्र पांढरे. इथले लोक याला वादी उतरली असं बोलतात, जसं काही वरून कुणी पाहुणा उतरलाय. आजोबा आमच्या बरोबर बसून राहिले, थर्मासमधला कावा, म्हणजे अरबी कॉफी, दिला, खजूर दिले, आणि संध्याकाळी पाणी ओसरायला लागल्यावर शेळ्या हाकत निघून गेले. आम्ही रात्री १० नंतर बाहेर पडलो. पोहे तसेच राहिले.

त्यानंतर मी एक गोष्ट बघायला शिकले, तीही इथल्याच लोकांकडून. वादीतल्या बोरीच्या झाडांकडे बघा, इथे सिद्र म्हणतात, आपल्या बोरीचीच बहीण. त्यांच्या फांद्यांमध्ये वाळकं गवत, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील, आणि त्या तुमच्या डोक्याच्या वर असतील. त्या कुणी टाकलेल्या नाहीत. मागच्या पुराचं पाणी तिथपर्यंत होतं एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या खाली तंबू लावायचा नाही. आणि पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहत यायला लागला, की सामान आवरत बसायचं नाही, नुसतं वर चढायचं.

एप्रिल २०२४ तर इथे कुणी विसरलेलं नाही. ओमानमध्ये त्या पुरात शाळकरी मुलं गेली, वादीच्या पाण्यात गाडी सापडून. दोनच दिवसांत तोच पाऊस यूएईत, अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, तिथे १९४९ पासून नोंदी ठेवतात त्यातला सगळ्यात जास्त. यूएईने तर २०२३ मध्येच कायदा केलाय, पाऊस चालू असताना वादी किंवा धरणाजवळ जमलात तर १,००० दिरहम आणि लायसन्सवर ६ काळे पॉइंट, पूर आलेल्या वादीत गाडी घातलीत तर २,००० दिरहम, २३ पॉइंट आणि गाडी ६० दिवस जप्त. म्हणजे तुमच्या लेखातला सल्ला मानला तर वाचलात तरी दंड आहेच. ओमानमध्येही वादी मुद्दाम ओलांडणं गुन्हा आहे. आणि तरीही दर पावसात आमच्या ग्रुपवर व्हिडिओ येतात, बघा काय भारी पाणी, चला कोण कोण येतंय. मी दर वेळी लिहिते, लोक मला काकू म्हणतात. म्हणू देत.

आता चांगलं पण सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसती घाबरवायला बसलीय. ऑक्टोबरअखेर ते मार्च या डोंगरांसारखं चालायला दुसरं काही नाही. जेबेल शम्स, ओमानचं सगळ्यात उंच शिखर, साधारण ३,००० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. मस्कतहून निझवा, अल हमरा करत गाडीने तीनेक तासात वरच्या पठारावर पोचता आणि तिथून खाली वादी घुलची दरी, हजारभर मीटर सरळ खाली. आम्ही पहिल्यांदा कठड्याशी गेलो तेव्हा कुणीच काही बोललं नाही, आणि आमचा ग्रुप म्हणजे कायम बडबड.

तिथे अल खतैम नावाच्या वस्तीपासून एक वाट निघते, सगळे बाल्कनी वॉक म्हणतात, दगडावर पिवळा-पांढरा-लाल रंग मारलेला असतो त्याच्या मागे जायचं. चढ फार नाही, पण कड्याच्या अध्येमध्ये कोरलेल्या पट्टीवरून चालायचं, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. दीडेक तासाने कड्याच्या पोटात, वरचा खडक छतासारखा पुढे आलाय त्याच्या खाली, अस साब नावाचं सोडून दिलेलं गाव लागतं. घरं अजून उभी, लाकडी चौकटी, चुलीच्या जागा, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं आता कोरडी. माणसांनी तिथे कसं राहायचं ठरवलं असेल, आणि एखादं पोर रांगायला लागलं की आई काय करत असेल, मी दर वेळी हेच विचार करत बसते. वर थोडं चढलं की एक पाण्याचा डोह आहे. पाणी होतं म्हणून गाव होतं, एवढं साधं आहे ते.

सह्याद्रीची आणखी एक सवय इथे मारते, ती पाण्याची. आपल्याकडे गडावर टाकं असतं, पायथ्याच्या गावात मावशी तांब्याभर पाणी देतात, म्हणून एक बाटली घेऊन निघतो. इथे नोव्हेंबरमध्येसुद्धा दिवसभराच्या वाटेला मी माणशी ४ लिटर घेते, आणि परत येताना शिल्लक राहिलं तर ओझं वाहिल्याचं दुःख नाही. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, कपाळावर नुसतं मीठ लागतं हाताला. मे ते सप्टेंबर खालच्या वादींमध्ये चालायचा विचारही करू नका, ४५ डिग्री म्हणजे मस्करी नव्हे. आणि चुनखडीचा दगड धारदार, पडलात तर हात सोलून निघतो, गावाकडच्या स्वस्तातल्या कॅनव्हासच्या बुटांचा तळ दोन ट्रेकमध्ये फाटतो, अनुभव आहे. मोबाईलला रेंज वादीत जातेच, पोलिसांचा नंबर ९९९९ माहीत असून उपयोग नाही जर आपण कुठे चाललोय हे घरी कुणाला सांगितलेलं नसेल.

जेबेल अखदर नावाच्या दुसऱ्या डोंगरावर जाताना बिरकत अल मौझ इथे पोलीस चौकी आहे, फोर बाय फोर नसेल तर वर सोडत नाहीत. माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता, एअरपोर्टवरून छोटी कार भाड्याने घेतलेली, मी सांगितलं होतं, तो म्हणाला अगं मी वरंध घाट चालवलाय. परत पाठवला. रागावून दिवसभर निझव्याच्या किल्ल्यात बसला. पण त्या चौकीमागे कारण आहे, उतरताना ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरा असे बोर्ड आहेत रस्ताभर.

आता प्राणी. लेखात प्राण्यांवर दोन ओळी होत्या आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं, कारण यातली खरी गोष्ट मराठी वाचकाला सांगण्यासारखी आहे आणि तीच सुटली.

हजर पर्वतात एक रानबकरीसारखा प्राणी आहे, अरबी ताहर. जगात फक्त याच डोंगररांगेत, ओमान आणि यूएईमध्ये, बाकी कुठेच नाही, आणि तोही आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत. त्याचं शास्त्रीय नाव अरबिट्रॅगस जयकरी. मी पहिल्यांदा हे एका बोर्डवर वाचलं तेव्हा थबकलेच. जयकरी? आपले जयकर? तर हो. डॉ. आत्माराम सदाशिव जयकर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले सर्जन, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मस्कतला होते आणि वर्षानुवर्षं राहिले. दवाखाना बघता बघता हा माणूस इथले साप, सरडे, मासे, प्राणी गोळा करून लंडनला ब्रिटिश म्युझियमला पाठवत होता. ताहरचं वर्णन १८९४ मध्ये तिथल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी प्रसिद्ध केलं आणि नाव जयकरांचं दिलं. एकटा ताहर नाही, वाळूतला एक छोटा अजगरासारखा साप, हजरमधला एक मोठा निळसर सरडा आणि एक समुद्रघोडा, सगळ्यांच्या नावात जयकर आहेत. वर ओमानी बोलीवर लिहिलं, इथल्या म्हणी जमवल्या, प्राण्यांवरच्या एका जुन्या अरबी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. आणि आम्ही १२ वर्षं राहून अजून भाजीवाल्याशी हिंदीत बोलतो.

बरीच वर्षं या ताहरला हिमालयातल्या आणि आपल्या निलगिरीतल्या ताहरचा भाऊ समजत होते, २००५ मध्ये जनुकं तपासली तेव्हा कळलं की तिघांचं नातं नाहीच तसं, याचा जवळचा नातेवाईक उत्तर आफ्रिकेतली रानमेंढी. म्हणून त्याला वेगळं घराणं दिलं, पण जयकर तसेच राहिले. मला याचं फार बरं वाटतं, का ते विचारू नका.

त्याला बघायचं कसं, तर खरं सांगायचं तर बहुतेकांना दिसत नाही. मी १२ वर्षांत एकदा बघितलाय, पहाटे, समोरच्या कड्यावर, दुर्बिणीतून, वीसेक सेकंद. लालसर तपकिरी, मागे वळलेली जाड आखूड शिंगं, पाठीवर गडद रेघ, आणि जिथे मला उभं राहायला भिंतीचा आधार लागला असता तिथे हा आरामात झुडूप खात होता. मस्कतच्या दक्षिणेला वादी सरीनचं राखीव क्षेत्र १९७० च्या दशकात याच्यासाठीच केलं, राखणदार तिथल्याच गावातले, आत जायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही, ते बरोबरच आहे. ताडोबासारखं जिप्सीत बसून तीन तासांत दाखवा असं इथे चालत नाही. ओमानच्या दक्षिणेला धोफारमध्ये जेबेल समहानला १९९७ पासून अभयारण्य आहे, अरबी बिबट्याचं, तो तर जगात २०० सुद्धा उरले नसतील, तिथेही लोकांना दिसतो तो कॅमेऱ्याच्या सापळ्यातल्या फोटोत.

मग जायचं कशाला असं कुणी विचारेल. पाण्यापाशी बसायला जायचं. वादीतल्या डोहाजवळ सकाळी सहाला गप्प बसा, चहा पण नको, आणि बघा कोण कोण येतं. वाळूतले तितर एका ओळीत चालत येतात, नीलपंख येतो, तो तर आपलाच, जांभळा शिंजीर येतो, बेडूक उड्या मारतात, डोहातले बोटाएवढे मासे पायाची मेलेली कातडी खातात ज्याचे मॉलमध्ये पैसे घेतात. ओल्या वाळूवर कोल्ह्याच्या पावलांचे ठसे. आणि वर पांढरी गिधाडं. आपल्याकडे गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक औषधाने गिधाडं संपली, २००६ मध्ये बंदी आली तोवर उशीर झाला होता, माझ्या लहानपणी वाईच्या आसपास दिसायची ती आता माझ्या मुलाला मस्कतच्या कचराडेपोवर दाखवावी लागतात. ओमानमध्ये ती अजून भरपूर आहेत.

आणि आता आपल्या लोकांबद्दल, म्हणजे माझ्याबद्दलही. जेबेल शम्सच्या पठारावर बकऱ्या आहेत, गावातल्या, मोकळ्या सोडलेल्या, आणि पिकनिकची गाडी दिसली की धावत येतात. आपण काय करतो, बिचारी म्हणून चपाती घालतो, केळ्याची सालं घालतो, पोरं फोटो काढतात. मीही घातलीय. मग एकदा वनखात्याच्या माणसाने समजावलं, की ताहरला सगळ्यात मोठा त्रास कुणाचा असेल तर या बकऱ्यांचा, दोघांचं खाणं तेच, पाणी तेच, आणि ताहरला तर रोजच्यासारखं पाणी लागतं, बकऱ्यांचा कळप डोहावर बसला की तो येतच नाही. आपण खाऊ घालतो म्हणून त्या वाढतात आणि लांब लांब डोंगरात जातात. तेव्हापासून आमच्या गाडीत नियम आहे, बकरी कितीही गोड दिसली तरी डबा बंद. मुलगा अजून रुसतो.

दुसरं म्हणजे लाकूड. २,३०० मीटरच्या वर जुनिपरची झाडं आहेत, वाकडीतिकडी, शेकडो वर्षांची, वाढ अगदी हळू. थंडीत रात्री तिथे पारा शून्याजवळ जातो, शेकोटी हवीच, आणि लोक त्याच वाळक्या फांद्या मोडतात. निझव्याला पेट्रोल पंपापाशी लाकडाची मोळी विकत मिळते हो. तिसरं, स्पीकर. वर पोचल्यावर घोषणा द्याव्याशा वाटतात, मी समजू शकते, पण त्या दरीत आवाज घुमतो आणि खाली माणसं राहतात, तळाशी वस्ती आहे, आणि मिस्फातसारख्या गावात तर वाट लोकांच्या अंगणातूनच जाते, तिथे हाफ पँट आणि बायकांचे फोटो हे दोन्ही चालत नाही. गावाच्या फलजचं पण तसंच. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी चरातून गावात आणायची हजारो वर्षं जुनी पद्धत, ५ फलज २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पहिल्यांदा प्यायचं पाणी, मग मशीद, मग अंघोळ, मग शेत, आणि शेताला पाळीपाळीने, घड्याळावर. आपल्याकडे धुळे-नाशिकची फड पद्धत, नाहीतर औरंगाबादची मलिक अंबरची नहर, वाचून माहीत असेल तर लगेच कळेल. त्या पिण्याच्या तोंडाशी मी माझ्या डोळ्यांनी एका सुशिक्षित मराठी कुटुंबाला हातपाय धुताना बघितलंय. गावातल्या एका मुलाने येऊन नुसतं बोटाने खालची जागा दाखवली, एक शब्द बोलला नाही.

हे सगळं बारीकसारीक वाटेल, पण यामुळे जागा बंद होतात. यूएईत फुजैराजवळ वादी वुरय्या आहे, बारमाही पाण्याची, २००९ मध्ये संरक्षित झाली, २०१० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, आणि पिकनिकवाल्यांनी एवढा कचरा आणि खडकांवर एवढी नावं केली की शेवटी लोकांसाठी दार लावून टाकलं. नाव कमावून घालवता येतं याचं तर ओमानमध्येच उदाहरण आहे, सपाटीवरच्या वाळवंटातलं ऑरिक्स हरणाचं अभयारण्य, १९९४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, ४५० हरणांची ६५ झाली, चोरटी शिकार, मग क्षेत्र ९० टक्के कमी केलं, २००७ मध्ये युनेस्कोने नाव काढून टाकलं, यादीतून काढलेली जगातली पहिली जागा.

तेव्हा संपादक महोदय, विनंती दोनच. लेखातलं ते पावसाचं वाक्य चूक आहे असं ठळक जागी छापा, पुढची थंडी यायच्या आत, कारण दुबई-मस्कतला येणारी मंडळी दिवाळीच्या सुट्टीतच येतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही पाऊस येऊ शकतो. आणि डॉ. जयकरांवर कुणा जाणकाराकडून एक पान लिहून घ्या, मुंबईत त्यांच्याबद्दल जास्त सांगू शकणारं कुणी असेलच.

कळावे, लोभ असावा.

आपली जुनी वाचक,
मस्कत (मूळ गाव वाई)

ता. क. : लेखासोबत जो मोठा रंगीत फोटो आहे, खाली 'दुर्मिळ अरबी ताहर' लिहिलंय, ती जेबेल शम्सच्या पार्किंगमधली बकरी आहे. कानात बिल्ला पण दिसतोय.